खुब्याचा पेर्थेस रोग : निरीक्षण की शस्त्रक्रिया?

लहान मुलांच्या खुब्याच्या सांध्याला होणाऱ्या विकारांमध्ये पेर्थेस रोगाचे स्थान काहीसे निराळे आहे. हा रोग जिवावर बेतत नाही, तो सांसर्गिक नाही, आणि कोणतेही औषध न देता तो यथाकाल आपोआप संपतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकास जो गोलक असतो, तो रक्ताच्या अभावी निर्जीव होतो आणि पुढील तीन-चार वर्षांत, कधी त्याहूनही अधिक काळात, पुन्हा सजीव हाडाने भरून निघतो. तो भरून येईल की नाही, ही शंका घेण्याचे कारण नाही. तो भरून येतोच. भरून येत असता त्याचा आकार कसा राहील, हा खरा प्रश्न होय. गोलक गोल राहिला तर असे मूल पुढे चारचौघांसारखे चालते, धावते, वृद्ध होते. तो चपटा झाला आणि उखळीशी त्याचा मेळ बसेनासा झाला, तर मध्यम वयातच सांधा झिजतो. तेव्हा ह्या रोगात शस्त्रक्रिया करावी की केवळ लक्ष ठेवून थांबावे, हा निर्णय रोग बरा करण्याविषयीचा नसून आकार राखण्याविषयीचा असतो. ही गोष्ट आरंभीच स्पष्ट झाली नाही, तर आईबापांच्या मनात उगाच दोन टोकांच्या कल्पना उभ्या राहतात : एकीकडे 'कापल्याशिवाय बरे होणार नाही' ही भीती, आणि दुसरीकडे 'आपोआप बरे होते ना, मग कापावे कशाला' हा दिलासा. दोन्ही कल्पना अपुऱ्या आहेत.

रोग बहुधा चार ते आठ वर्षांच्या वयात सुरू होतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत चौपट-पाचपट आढळतो. दहा-पंधरा टक्के मुलांत कालांतराने दुसऱ्या खुब्यातही तो उद्भवतो. खेळून आल्यावर मूल किंचित लंगडते, रात्री विश्रांतीनंतर बरे दिसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा लंगडते. पुष्कळदा ते हात गुडघ्यावर ठेवून दुखते असे सांगते. खुब्याच्या सांध्याची आणि गुडघ्याची संवेदना अंशतः एकाच मज्जातंतूने वाहिली जात असल्यामुळे ही फसगत होते. गुडघ्याचे क्ष-किरण चित्र निर्दोष निघते, तेल चोळले जाते, आणि काही महिने निघून जातात. हे महिने वाया जाणे किती महाग पडू शकते, ते पुढे दिसून येईल.

ह्या रोगाची ओळख पटली तीच मुळी एका चुकीची दुरुस्ती म्हणून. 1895 साली क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी मुलाचा खुबा दुखू लागला की क्षयरोगच गृहीत धरला जाई, आणि त्या काळी ते गृहीत बहुशः खरेही असे. 1909 साली स्वीडनमध्ये वॉल्डेनस्ट्रॉम ह्याने ह्या विकाराचे वर्णन केले. परंतु त्यानेही तो क्षयाचाच एक सौम्य प्रकार मानला. 1910 साली अमेरिकेत बॉस्टन येथे लेग, फ्रान्समध्ये काल्वे आणि जर्मनीत ट्यूबिंगन येथे पेर्थेस ह्या तिघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले की, क्षयाहून वेगळा, पू न होणारा, स्वतःहून शमणारा असा हा एक निराळाच रोग आहे. आज त्यास तिघांचीही नावे जोडतात. सोयीसाठी पेर्थेसचे नाव एकट्याने वापरले जाते. वॉल्डेनस्ट्रॉमचा वाटा मात्र वेगळ्या रूपाने टिकला. रोगाच्या प्रवासाच्या ज्या अवस्था त्याने ठरवून दिल्या, त्याच थोड्याफार फरकाने आजही वापरात आहेत.

महाराष्ट्रात ही जुनी शंका अद्यापि निकालात निघालेली नाही. येथे खुब्याचा क्षय आजही आढळतो. तसेच विदर्भाच्या पूर्व भागात आणि नंदुरबारकडील आदिवासी वस्तीत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ आहे, आणि त्यातही गोलक असाच निर्जीव होतो. म्हणून क्ष-किरण चित्र पाहून पेर्थेसचे नाव घेण्यापूर्वी रक्ततपासणी करून ह्या दोन्ही शक्यता दूर केल्या पाहिजेत. दोन्ही खुबे एकाच वेळी आणि एकाच अवस्थेत बिघडलेले दिसले, तर अवटू ग्रंथीचा मंदपणा किंवा अस्थींच्या वाढीचा जन्मजात दोष तपासणेही आवश्यक ठरते. निदानच चुकले तर थांबावे की कापावे हा विचारच फोल ठरतो.

गोलकाचा रक्तपुरवठा का तुटतो, ह्याचे निश्चित उत्तर मिळालेले नाही. तो तुटणे ह्याच वयात विशेष घातक का, ह्यावर मात्र प्रकाश पडला आहे. ऑक्सफर्ड येथील त्रुएता ह्याने 1957 साली वाढत्या वयातील गोलकाच्या रक्तवाहिन्यांचे जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यावरून असे दिसले की सुमारे चार ते सात वर्षांच्या दरम्यान गोलक जवळजवळ सर्वस्वी हाडाच्या मानेवरून बाहेरच्या बाजूने वर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांवर अवलंबून असतो. खालून येणारे रक्त वाढीच्या कूर्चेची चकती अडविते, आणि उखळीच्या तळाशी जोडणाऱ्या बंधातील वाहिनीचा उपयोग अद्याप सुरू झालेला नसतो. एकच वाट, आणि तीही अरुंद.

वाट बंद झाली की गोलकातील हाड मरते. मेलेले हाड लगेच ढासळत नाही. किंबहुना ते चित्रात अधिक पांढरे आणि घट्ट दिसते. संकट येते ते शरीर दुरुस्तीस लागते तेव्हा. नवीन रक्तवाहिन्या शिरतात, मृत हाड खाऊन टाकले जाते, आणि त्याच्या जागी नवे पक्के हाड येईपर्यंत मध्यंतरी गोलक मऊ असतो. चित्रात तो तुकड्या-तुकड्यांचा दिसतो, म्हणून ह्या अवस्थेस विखंडनावस्था म्हणतात. ती सुमारे वर्षभर टिकते. तीनंतर पुनरस्थीकरणाची दीर्घ अवस्था येते. तिला तीन ते पाच वर्षे लागू शकतात. ह्या मऊपणाच्या काळात गोलक उखळीच्या कडेबाहेर सरकू लागला, तर प्रत्येक पावलागणिक उखळीची कड त्याच्या बाहेरील भागावर दाब देते आणि तेथे खाच पडते. पुढे गोलक त्याच खाचेसह कडक होतो. ओल्या मातीचा गोळा वाटीच्या काठावर टेकवून ठेविला तर जे होईल, तेच येथे होते. गोळा वाटीच्या आत बसविला, तर वाटीच त्यास गोल ठेवते.

ह्या साध्या विचारावर आजची सर्व उपचारपद्धती उभी आहे. गोलकास उखळीत सामावून ठेवणे हे तिचे तत्त्व. परंतु ह्या तत्त्वापर्यंत पोहोचण्यास वैद्यकास फार काळ लागला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समजूत अशी होती की, वजन पडल्यामुळे गोलक चपटा होतो, म्हणून वजनच पडू देऊ नये. मुलांना दोन-दोन वर्षे, क्वचित त्याहून अधिक काळ, अंथरुणावर खिळवून ठेविले जाई. शाळा सुटे, मांड्या वाळत, आणि इतके करूनही गोलक गोल राहीलच ह्याची शाश्वती नसे. कारण निजलेल्या मुलाच्या स्नायूंचे आकुंचनदेखील सांध्यावर दाब देतच असते. 1971 साली मॉन्ट्रियल येथील पेट्री आणि त्याच्या सहकाऱ्याने उलट मार्ग मांडला. दोन्ही पाय फाकवून प्लास्टरमध्ये घालावयाचे, मध्ये आडवी काठी बांधावयाची, आणि मुलास तसेच चालू द्यावयाचे. पाय फाकविले की गोलक उखळीत खोल जातो, आणि मग वजन हे शत्रू न राहता साच्याचे काम करते. प्लास्टरच्या जागी पुढे निरनिराळ्या बंधपट्ट्या आल्या. त्यांतील अटलांटा येथे सुरू झालेली हलकी पट्टी फार लोकप्रिय झाली, परंतु 1992 साली प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत तिचा विशेष लाभ दिसून आला नाही. सोय आणि गुण ह्या भिन्न गोष्टी आहेत हे मान्य होण्यास येथेही बराच काळ जावा लागला.

पाय फाकवून जे बाहेरून साधावयाचे, तेच हाडाची दिशा बदलून आतून साधणे म्हणजे शस्त्रक्रिया. तिचे मुख्य प्रकार दोन. एकात मांडीचे हाड गोलकाच्या खाली कापून, कोन बदलून, पट्टी व स्क्रूंनी पक्के करतात, जेणेकरून पाय सरळ असतानाही गोलक उखळीच्या आत वळलेला राहतो. अ‍ॅक्सर ह्याने 1965 साली ह्या रोगातील आपला अनुभव प्रसिद्ध केला. दुसऱ्या प्रकारात टोरांटो येथील सॉल्टर ह्याच्या पद्धतीने उखळीच्या वरचे कटीचे हाड कापून उखळीचे छत पुढे व बाहेर फिरवितात. गोलक उखळीत न्यावयाचा की उखळ गोलकावर आणावयाची, एवढाच दोहोंतील फरक. दोन्ही प्रकारांत रोगाच्या मूळ कारणास हात लागत नाही, आणि तुटलेला रक्तप्रवाह पूर्ववत् होतो असेही नाही.

मग कोणावर शस्त्रक्रिया करावी? येथे पहिला निकष वयाचा. लहान मुलाच्या गोलकात कूर्चेचा भाग अधिक असतो, आणि पुढे वाढीची वर्षेही पुष्कळ शिल्लक असतात. चपटेपणा आलाच तरी उखळ त्यास अनुरूप अशी स्वतःस घडवून घेते. वय वाढते तशी ही मुभा संपत जाते. नॉर्वेमध्ये 1996 ते 2000 ह्या काळात देशभरातील रुग्णांची नोंद ठेवून वीग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षे पाठपुरावा केला. एकाच खुब्याचा रोग असलेल्या 368 मुलांचे फळ 2008 साली प्रसिद्ध झाले. सहा वर्षांखालील मुलांत व्यायाम, बंधपट्टी आणि शस्त्रक्रिया ह्यांत फरक आढळला नाही. सहा वर्षांवरील आणि निम्म्याहून अधिक गोलक निर्जीव झालेल्या मुलांत मात्र शस्त्रक्रियेनंतरचे गोलक अधिक गोल राहिले.

दुसरा निकष हानीच्या प्रमाणाचा. त्याचे सर्वांत उपयुक्त माप डलास येथील हेरिंग ह्याने 1992 साली दिले. समोरून घेतलेल्या चित्रात गोलकाचे तीन उभे स्तंभ कल्पून त्यांतील बाहेरच्या स्तंभाची उंची पाहावयाची. ती अबाधित असेल तर 'अ' गट. निम्म्याहून अधिक उरली असेल तर 'ब'. निम्म्याहून कमी उरली तर 'क'. बाहेरचा स्तंभ उभा असेल तर तो तंबूच्या खांबाप्रमाणे मधल्या ढासळलेल्या भागावरील ताण पेलतो. पुढे 'ब' आणि 'क' ह्यांच्या सीमेवरचा एक चौथा गटही जोडण्यात आला. 2004 साली हेरिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 438 मुलांच्या 451 खुब्यांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तीत भाग घेणाऱ्या 39 शल्यचिकित्सकांनी प्रत्येकी एकच उपचारपद्धती आपल्या सर्व रुग्णांस लावावयाची, असे ठरले होते. निष्कर्ष थोडक्यात असा : आठ वर्षांनंतर रोग सुरू झालेल्या 'ब' आणि सीमेवरील गटाच्या मुलांस शस्त्रक्रियेने लाभ झाला, आठ वर्षांखालील 'ब' गटाची मुले कशीही ठेविली तरी बरी राहिली, 'क' गटाचे फळ बहुधा वाईटच आले, शस्त्रक्रिया होवो वा न होवो. दोन शस्त्रक्रियांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरले नाही. बंधपट्टी, व्यायाम आणि काहीच न करणे ह्यांतही फरक दिसला नाही.

नॉर्वेतील सहा वर्षे आणि अमेरिकेतील आठ वर्षे ह्या दोन मर्यादांच्या मधोमध जो सात वर्षांचा मुलगा उभा असतो, त्याचे काय करावे, हे ह्या पाहण्यांवरून सहज ठरत नाही. परंतु त्याहूनही अवघड अशी एक अडचण आहे, आणि ह्या विषयाचा गाभा तीतच आहे.

बाहेरच्या स्तंभाची उंची विश्वासाने मोजता येते ती विखंडनावस्था पुरेशी पुढे गेल्यावर. आरंभी 'अ' किंवा 'ब' वाटलेला गोलक चार-सहा महिन्यांत 'क' होऊ शकतो. म्हणजे खात्रीचे ज्ञान हवे असेल तर थांबले पाहिजे. उलट सामावून ठेवण्याचा उपाय फलद्रूप होतो तो गोलक मऊ असतो पण चपटा झालेला नसतो, तेवढ्याच काळात. मणिपाल येथील बेंजामिन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 610 मुलांच्या क्ष-किरण चित्रांचा क्रमवार अभ्यास 2003 साली प्रसिद्ध केला. वॉल्डेनस्ट्रॉमच्या अवस्थांचे त्यांनी पूर्वार्ध-उत्तरार्ध असे पोटभाग केले आणि दाखविले की, गोलकाचा कायमचा आकारदोष विखंडनाच्या उत्तरार्धात आणि पुनरस्थीकरणाच्या आरंभी घडतो. म्हणून शस्त्रक्रिया करावयाची तर ती विखंडनाच्या पूर्वार्धापर्यंत झाली पाहिजे. त्यानंतर गोलक गोल राहण्याची आशा झपाट्याने कमी होते. फार लवकर शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांत तर विखंडनावस्था आलीच नाही, असेही त्यांच्या पाहणीत आढळले. रोग किती गंभीर आहे हे निश्चित कळावे, आणि त्याच सुमारास उपायाची वेळ टळावी, असा हा पेच आहे. आरंभी गुडघ्याच्या तपासणीत गेलेले महिने महाग का पडतात, ते ह्यावरून ध्यानात येईल.

मणिपालच्या ह्या कार्यास आपल्या दृष्टीने आणखी एक महत्त्व आहे. भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, विशेषतः उडुपीच्या परिसरात, हा रोग लक्षणीय प्रमाणात आढळतो, आणि तेथील मुलांत तो पाश्चात्त्य मुलांपेक्षा अधिक वयात सुरू होतो असे दिसून आले. वय हाच प्रमुख निकष असेल, तर परदेशी पाहण्यांतील 'बहुतेक मुले निरीक्षणावर बरी राहतात' हे विधान येथे जसेच्या तसे उचलता येणार नाही.

ह्या पेचातून वाट काढण्यासाठी लवकर दिसणाऱ्या खुणांचा शोध चालू आहे. गोलक उखळीबाहेर किती सरकला हे साध्या चित्रातही मोजता येते. गोलकाच्या रुंदीचा पाचवा हिस्सा बाहेर आला, तर तो चपटा होण्याचा धोका पुष्कळ वाढतो; आणि हे माप स्तंभाच्या उंचीपेक्षा आधी मिळते. पाय फाकविण्याची मर्यादा दिवसेंदिवस कमी होत जाणे, ही दुसरी खूण. ती पाहण्यास यंत्र लागत नाही. रक्तप्रवाह दाखविणारे चुंबकीय चित्रण विखंडनापूर्वीच हानीचा अंदाज देऊ शकते, असे डलास येथील किम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले आहे. परंतु त्यासाठी शिरेतून द्रव्य टोचावे लागते, लहान मुलास गुंगी द्यावी लागते, आणि त्याचा अर्थ लावणारा तज्ज्ञ सर्वत्र मिळत नाही.

निरीक्षण ह्या शब्दाचाही नीट विचार केला पाहिजे. ते काहीच न करणे नव्हे. तीन-चार महिन्यांनी नवे चित्र, प्रत्येक भेटीत सांध्याच्या हालचालीचे माप, घरी पाय फाकविण्याचे व्यायाम, पोहणे व सायकल ह्यांस मोकळीक, उड्या मारण्यास आवर, दुखणे वाढल्यास काही दिवस विश्रांती, आणि गोलक सरकू लागला तर निर्णय बदलण्याची तयारी, एवढे सारे त्यात येते. जे कुटुंब नियमाने परत येऊ शकते, त्याच्यासाठी निरीक्षण हा उपचार आहे. रोजंदारी बुडवून शंभर मैलांचा प्रवास करणाऱ्या, आणि मूल हसतखेळत आहे असे पाहून पुढील भेट टाळणाऱ्या कुटुंबासाठी तोच शब्द वेगळ्या अर्थाचा होतो. चित्र पाहून निर्णय घेणाऱ्याने हाही हिशेब मांडला पाहिजे. पाठ्यपुस्तकातील कोष्टकात तो सापडत नाही.

शस्त्रक्रियेचीही किंमत आहे. भूल, सुमारे सहा आठवडे पायावर भार न देणे, पुढे पट्टी काढण्यासाठी बहुधा दुसरी शस्त्रक्रिया, पाय थोडा आखूड होणे, आणि नितंबाचे स्नायू दुबळे पडून काही काळ, क्वचित कायम, लंगडत राहणे. लहान मुलात बदललेला कोन वाढीबरोबर पुष्कळसा सुधारतो. दहा वर्षांच्या मुलात तितका नाही. ताठरलेल्या सांध्यावर ती करूच नये. आधी हालचाल मिळवावी. गोलक आधीच चपटा होऊन उखळीच्या कडेवर बिजागरीसारखा अडकू लागला असेल, तर त्यास आत ढकलणे घातक ठरते. तेथे हाड उलट दिशेने वळविण्याच्या किंवा उखळीचे छत वाढविण्याच्या शस्त्रक्रिया करतात. त्यांचा हेतू दुखणे कमी करणे हा असतो.

निवड योग्य होती की नाही, हे कळण्यास आयुष्य जावे लागते. अमेरिकेत आयोवा येथील रुग्णांचा शस्त्रक्रियेविना झालेल्या उपचारांनंतर दीर्घकाळ माग ठेवण्यात आला. सरासरी 36 वर्षांनी पाहिले तेव्हा बहुतेकांचे ठीक चालले होते. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या पुढील पाहणीत, सुमारे 48 वर्षांनंतर, 37 खुब्यांपैकी चाळीस टक्के सांधे कृत्रिम सांध्याने बदलावे लागले होते. चाळिशीत समाधानकारक वाटलेले फळ पन्नाशीत तसे राहिले नाही. आज शस्त्रक्रियेच्या बाजूने जी प्रमाणे दिली जातात, ती पाच-दहा वर्षांनंतरच्या गोलकाच्या आकाराची आहेत, त्या मुलांच्या पन्नाशीची नव्हेत. 1981 साली स्टुलबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाढ पूर्ण झाल्यावरचा आकार आणि पुढील झीज ह्यांचा संबंध जोडून दाखविला असल्यामुळे आकारावरून भविष्याचा अंदाज बांधणे रास्त आहे; पण तो अंदाजच.

हेरिंगची असो वा वीगची, ह्या पाहण्यांत कोणत्या मुलास कोणता उपचार मिळावा हे शल्यचिकित्सकांच्या पसंतीने ठरले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे. त्यामुळे उपचाराचा गुण आणि उपचार करणाऱ्याचा गुण पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी ब्रिटनमध्ये पेरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेविना उपचार ह्यांची चिठ्ठ्या टाकून तुलना करणारी चाचणी हाती घेतली. सात वर्षांच्या त्या मुलाचा प्रश्न तीत प्रथमच थेट विचारला गेला आहे.